लहानपणापासून प्राण्यांचं वेड आहे, चित्रंही बरी काढते. पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेट काढून पोट भरेल का? सुरुवात कुठून करू?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की तू नागपूरचीच, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घरात दोन मांजरं आहेत आणि ड्रॉइंग क्लासच्या सरांनी तुला ऐकवलं की ऑर्डरवर कुत्र्यामांजरांची चित्रं काढणं हे फोटो स्टुडिओचं काम, त्याला कला म्हणत नाहीत. पोट भरेल का आणि सुरुवात कुठून, हे तुझे खरे प्रश्न आहेत मला माहीत आहे, त्याचं पुढे सांगते. पण मी लिहायला बसली ती त्या सरांच्या वाक्यासाठी.

हेच वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे, चित्रकलेच्या कॉलेजात असताना माझ्याच बॅचच्या एका मित्राने मला ऐकवलं होतं. नाव सांगत नाही, तो आता मुंबईला असतो, अ‍ॅबस्ट्रॅक्ट करतो, गॅलऱ्यांमध्ये लावतो, चांगलं करतो. दिवाळीला नागपूरला आला की आमच्याकडे चिवडा खातो आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पग आणि पॉमेरेनियन बघून म्हणतो, "अजून ऑर्डरीच करून राहिली का तू?" दोघांचे केस पांढरे झाले, वाद तिथंच आहे. त्यामुळे या उत्तरात थोडं त्याच्या वाट्याचंही येईल, ते तू सोसून घे.

माझं बालपण नागपूरच्या महाल भागातलं. घरात पाळलेलं असं काही नव्हतं, आई कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, पण गल्लीत गाई, शेळ्या, कोंबड्या, मांजरं, आणि इतवारीच्या बाजारात माल घेऊन येणाऱ्या बैलबंड्या. आणि तान्हा पोळा. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, लोक त्यांना बोजारा म्हणून पैसे, खाऊ देतात, आणि त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, म्हणजे महालात पाय ठेवायला जागा नसते. तर गल्लीतल्या पोरांच्या बैलांचा रंग उडाला की ते माझ्याकडे यायचे. बाजारातल्या लाकडी बैलांचे डोळे तेव्हा सगळे सारखे, पांढरा गोल आणि मध्ये काळा ठिपका, म्हणजे सरळ माणसाचे डोळे. मी बंडीचा बैल जवळून बघितला होता. त्याची बाहुली आडवी असते, लांबट, उन्हात आणखी बारीक होते, आणि डोळ्याचं पांढरं जवळजवळ दिसतच नाही, बिचकला तरच कोपऱ्यात दिसतं. मी तसे डोळे काढायला लागली तर पोरांच्या आया भांडायला यायच्या, आमचा बैल झोपल्यासारखा दिसते म्हणे. मी काही ऐकलं नाही.

ती खोड अजून आहे आणि मला तिचा अभिमान आहे. कुत्र्याची बाहुली गोल, तुझ्या मांजरांची उजेडात उभी फट, गाई-शेळीची आडवी, हे इतकं साधं असून इन्स्टावरच्या गोड गोड पोर्ट्रेटांमध्ये बघ, मांजराला माणसाच्या बाळाचे डोळे लावून ठेवलेले असतात आणि खाली लोक "सो क्यूट" लिहितात. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली काढलेला ससा नेटवर मोठा करून बघ एकदा, त्याच्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस सशाच्या डोळ्यात खिडकी बघून राहिला होता आणि आपण फिल्टर लावून राहिलो.

बैलाचा विषय निघालाच आहे तर ती गोष्ट सांगते, मित्राशी खरं भांडण तिच्यावरूनच आहे.

लग्नानंतर आम्ही त्रिमूर्तीनगरकडे राहायला आलो. वरच्या खोलीत काटोलकडचा एक पोरगा भाड्याने राहायचा, इंजिनियरिंगला. त्याने माझी कुत्र्यांची चित्रं पाहिली होती, सुट्टीत घरी सांगितलं असेल, कारण एक दिवस त्याचे काका दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत लग्नाच्या अल्बममधून काढलेला फोटो. फोटोत नवरदेव, नवरी, वऱ्हाडी, आणि मागे गोठ्याच्या दाराशी एका बैलाचा अर्धा चेहरा. म्हणाले, "बाई, याचं चित्र पाहिजे. मोठं." मी म्हटलं कोणाचं, नवरदेवाचं का? तर म्हणे, "नवरदेव हाये नं घरी. बैलाचं."

बैलाचं नाव सरदार. गवळाऊ जातीचा, ही आमच्या वर्धा-नागपूरकडची जात, पांढरी, चेहऱ्याने लांबट, चालायला चपळ. काकांच्या वडलांनी तो गोऱ्हा असताना बाजारातून आणला होता. वडील गेले, बैल म्हातारा झाला, औताला जुंपणं बंद केलं होतं, आणि विकायचा तर प्रश्नच नव्हता. बैठकीत वडलांच्या फोटोशेजारी त्याचं चित्र लावायचं होतं. याला काकूंचा सक्त विरोध होता, सासऱ्याच्या बाजूला बैल लावता का म्हणून, पण ते मला तिथं गेल्यावर कळलं.

अर्ध्या चेहऱ्यावरून काम होणार नव्हतं म्हणून मी एसटीने गावाला गेली आणि गोठ्यात जाऊन बसली. तुला सांगते, पांढरा बैल पांढरा नसतोच. मानेवर आणि वशिंडावर राखाडी, त्यात निळसर झाक, पोटाखाली जमिनीवरच्या कडब्याचा पिवळा उजेड वर आलेला, कानाच्या आत गुलाबी, नाकपुडीभोवती काळं आणि ओलं. माशी बसली की पाय हलत नाही, शेपूट हलत नाही, फक्त तेवढ्या जागेची कातडी थरथरते. आणि खांद्यावर जू बसून बसून पडलेला घट्टा. तिथं केस नाहीत, कातडी जाड, करडी, थोडी चकाकणारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-लोणी चोळतात ते याच जागेला. मी आधी तो घट्टा कागदावर उतरवला, मग बाकीचा बैल.

चित्र तेलरंगात केलं. काका न्यायला आले तेव्हा पुतण्याही वरून खाली आला. तो बघताक्षणी म्हणाला, "ताई, तो खांद्यावरचा डाग तेवढा काढा नं, स्वच्छ दिसेल." काका काहीच बोलले नाहीत. चष्मा लावला आणि चित्राच्या इतके जवळ गेले की मला भीती, रंग ओला आहे, हात लावतात की काय. मग सुरू झाले. उजवं शिंग टोकाले मागं वळते, तुम्ही सरळ नेलं. पोळी, म्हणजे गळ्याखालची कातडी, इतकी लोंबत नाही त्याची. डाव्या कानाले चीर हाये, लहानपणी कुत्रं लागलं होतं, ते कुठं गेली? पापण्या काळ्या पाहिजे. एकामागून एक. आणि शेवटी पुतण्याकडे वळून म्हणाले, "आन् तो घट्टा काढाचा नाही. तो त्यानं कमावला हाये. तो काढला तं मंग हा कोणाचाही बैल हाये."

मी उभ्या उभ्या सगळं वहीत लिहून घेतलं. इतकी बारीक आणि इतकी बरोबर टीका माझ्या चित्रावर समीक्षक तर सोडच, कॉलेजच्या ज्युरीनेही कधी केली नाही. शिंग, कान, पापण्या, पोळी, सगळं करून दिलं. पैसे निम्मे तेव्हा आणि निम्मे आंबिया बहाराची संत्री विकल्यावर असं ठरलं होतं, आणि बहार झाल्यावर काका स्वतः आणून देऊन गेले. चित्र बैठकीत लागलं, पण वडलांच्या शेजारी नाही, समोरच्या भिंतीवर. काकूंशी तडजोड.

हे सगळं मी मित्राला मोठ्या कौतुकाने सांगितलं तर तो काय म्हणाला? "म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसं तू बदललंस. मग त्यात तुझं काय राहिलं?" त्या दिवशी मला राग इतका आला की उत्तर सुचलं नाही, आता देते. कानाची चीर ही गिऱ्हाइकाची हौस नाही, ती बैलाच्या कानाला आहे. मागे ताजमहाल काढा म्हणाले असते तर नसता काढला. एका बाईंना त्यांच्या पर्शियन मांजराच्या डोक्यावर फेटा पाहिजे होता, मी नाही म्हटलं, त्या दुसरीकडे गेल्या आणि फेटा मिळालाही असेल त्यांना, तो त्यांचा प्रश्न. पण ज्याने बारा महिने त्या जनावराला हाताने चारा घातला तो जर सांगत असेल की शिंग असं नाही, तर तिथं माझी प्रतिभा घेऊन मी काय करू? माझं काय राहिलं म्हणशील तर कडब्याचा तो पिवळा उजेड राहिला, तो काकांनी सांगितला नव्हता.

आणि ऑर्डर म्हणजे इतकं हलकं असेल तर बादशहा जहांगीरच्या दरबारातल्या चित्रकार उस्ताद मन्सूरचं काय करायचं? १६२१ मध्ये जहांगीरकडे झेब्रा आला, पट्टे बघून काहींना वाटलं कोणीतरी रंगवलाय, नीट तपासलं तर खरे निघाले, आणि मन्सूरने त्याचं चित्र काढलं. आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहे ते. इंग्लंडातला चित्रकार जॉर्ज स्टब्स घे. दीड वर्ष एका खेड्यात राहून मेलेले घोडे फाडत, कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर कागदावर उतरवत बसला, १७६६ मध्ये त्याचं पुस्तक छापलं. त्याचं व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साडेनऊ फूट उंच, मागे झाड नाही, आभाळ नाही, नुसता घोडा. कोणी काढून घेतलं? घोड्याच्या मालकाने. पेट पोर्ट्रेटच झालं की ते. हे मी मित्राला ऐकवलं तर म्हणतो, मन्सूरला बादशहा होता, तुझ्याकडे काटोलचा शेतकरी. मी म्हटलं हो बाप्पा, आणि झेब्र्याच्या पापण्या कोणत्या रंगाच्या हे बादशहाने चष्मा लावून तपासलं असेल असं मला वाटत नाही.

बरं, आता तुझं. सुरुवात फोटोवरून करू नको, एवढंच मला कळतं. आधी जिवंत जनावर समोर ठेवून काढ, ते हलणार, हलू दे, एका कागदावर पाच अर्धवट पाठी झाल्या तरी चालतील. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात जा सकाळी. सेमिनरी हिल्सच्या वेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली कुत्री, शेळ्या, म्हशी दिसतील, तिथं विचारून कोपऱ्यात बसता येतं का बघ, कोणाच्या आड येऊ नको. अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या म्युझियममध्ये, पेंढा भरलेली जनावरं आहेत, ती हलत नाहीत म्हणून प्रमाणं, सांधे, कवटीचा आकार शिकायला बरी, पण डोळे त्यांच्यावरून काढू नको, ते काचेचे असतात आणि तुझ्या चित्रातही काचेचे येतील.

फोटो मात्र धंद्यात लागतोच, त्यातही बहुतेकदा प्राणी गेल्यावरच लोकांना आठवण होते, म्हणजे पाठवलेला फोटो तोच शेवटचा. जिवंत असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं, फ्लॅश बंद, खिडकीजवळ, आणि खाली बसून त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा. फ्लॅशमध्ये डोळे हिरवे पेटतात कारण त्यांच्या डोळ्यात मागे उजेड परतवणारा थर असतो. आणि मोबाईल तोंडाशी नेऊ नका, दोन पावलं मागे या आणि मग झूम करा, नाहीतर नाक बटाट्याएवढं आणि कान कुठेतरी मागे हरवलेले येतात, आणि तू ते तसंच्या तसं काढलंस की घरचे म्हणतात हा आमचा टॉमी नाही.

काळा लॅब्राडोर आला की ट्यूबमधला काळा रंग झाकण लावून बाजूला ठेव. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळून जो काळा होतो तो वापर, कधी निळ्याकडे, कधी तपकिरीकडे झुकवता येतो, नाहीतर कॅनव्हासला भोक पडल्यासारखा कुत्रा दिसतो. केस एकेक काढत बसायचं नाही. आधी गडद मोठे भाग, मग त्यावर फिकट, आणि केसांची दिशा नाकापासून वर कपाळावरून मागे कशी वळते ते आधी पेन्सिलीने बाण काढून ठरवून घे. बाकी यूट्यूबवर आहे सगळं, मी काय सांगू.

एक नागपूरचं मात्र यूट्यूबवर नाही. मे महिन्यात इथं ४५ च्या वर पारा गेला की अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरून कॅनव्हासपर्यंत जाईस्तोवर वाळतं. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग काढ. कूलर चालू ठेव पण त्याचं तोंड कॅनव्हासकडे नको. तेलरंगाचं उलटं आहे, ते पाण्यासारखं उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे वरून वाळलं तरी आत ओलंच असतं, आणि श्रावणात दमट हवेत तर गिऱ्हाइकाला तारीख देताना जपूनच दे. जाड रंग असेल तर व्हार्निश सहा महिने तरी लावायचं नाही. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते ती वेगळीच.

आणि हे रागाने लिहिते. मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नको. केसाचं टोक गडद, मध्ये फिका पट्टा, मुळाशी परत गडद, असे दिसतात, आणि मऊ असूनही ताठ राहतात म्हणून आमच्या पिढीत मोठे मोठे लोक वापरायचे. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, हे ब्रश विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि त्या केसांसाठी मुंगूस मारतात, कापून सोडून देत नाहीत. प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून पोर्ट्रेट काढायचं आणि काढायचं मुंगूस मारून, हे मला जमत नाही. सिंथेटिक ब्रश आता चांगले मिळतात. मित्राकडे मुंगसाच्या ब्रशांचा अख्खा डबा होता कॉलेजात, आणि कला कशाला म्हणायची हे मला शिकवत होता, असो.

पोट भरेल का? पहिली काही वर्षं नाही भरणार, स्पष्ट सांगते. नातेवाईक फुकट मागतील, "तुला काय, बसल्या बसल्या होते" म्हणतील. नाही म्हणायचं. फोटो टाकला की दोन मिनिटांत ऑईल पेंटिंग करून देणारी अ‍ॅप आहेत, स्वस्तवालं गिऱ्हाईक तिकडे गेलं, जाऊ दे. अ‍ॅपला कानाची चीर दिसली तर ते तिला बुजवून टाकतं, फोटोतला दोष समजून. ज्याला ती चीर पाहिजे तो तुझ्याकडे येईल, असे लोक थोडे असतात पण असतात, आणि एकाकडून दुसऱ्याला कळतं. रेट चेहऱ्याचा वेगळा, पूर्ण अंगाचा वेगळा ठेव, एका चित्रात दोन कुत्री म्हणजे दुप्पट, "एकाच कॅनव्हासवर तर आहेत" हे ऐकून घ्यायचं नाही.

आता हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं पण एक सांगायचं राहिलं, आमचं घर बरीच वर्षं नवऱ्याच्या पगारावर चाललं, माझ्या ऑर्डरींवर नाही. माझे पैसे मुलीच्या फीला, रंगांना आणि एका जुन्या फ्रिजला गेले. त्यामुळे बी.कॉम. सोडू नको. शिवाय हिशोब, पावती, जीएसटी हे सगळं आमच्यातल्या कोणालाच येत नाही, तुला येईल, ते लहान नाही. आणि तुझे सर अगदीच चुकीचे आहेत असंही नाही, फोटोवरून फक्त रंग भरून देणारेही या धंद्यात खूप आहेत, त्यांच्याबद्दल म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूने. पण मग तसं नेमकं म्हणावं नं, सगळ्या धंद्याला कशाला नावं ठेवायची.

सुरुवात स्वतःच्या मांजरांपासून करू नको, त्यांच्यावर तुझं प्रेम आहे, तुला सगळंच बरोबर वाटेल. शेजारच्यांचं कुत्रं काढ, फुकट नाही, शंभर रुपये तरी घे, आणि त्यांच्यासमोर ठेवून गप्प उभी राहा. ते जे जे चूक म्हणतील ते लिहून घे, वाद घालू नको. घरातली म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील तर त्यांना आधी दाखव, मधले लोक भिडेखातर छान म्हणतात. आणि गेलेल्या प्राण्याची ऑर्डर आली, समोरचा माणूस फोनवर रडत असला, तरी निम्मे पैसे आधी माग. मागायला जीभ रेटत नाही, मला अजूनही नाही रेटत, म्हणून मी रेट आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही लिहून ठेवलेला मेसेज तयार ठेवलाय, तोच पाठवते. हवा असेल तर खाली कमेंटमध्ये लिही, कॉपी करून देते.